दहा पैशाला दहा केबी

आधी खिसा रिकामा करा. तो काचेचा चकचकीत फोन, कानातली बिनवायरची बोंडं, पॉवर बँक, सगळं कपाटात टाका आणि कुलूप लावून घ्या. जिथे निघालोय तिथे यांचा काडीचा उपयोग नाही. उलट कोणीतरी तुमचा फोन उलटासुलटा करून विचारील, "बटणं कुठायत ह्याची?" चप्पल जुनी घाला, सुटे पैसे घ्या. मुंबईच्या हार्बर लोकलने जायचंय.

डॉकयार्ड रोडला उतरलात? साल २००३, जुलै. पत्र्यावर पाऊस असा वाजतोय की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतंय. नाकात पहिला शिरतो तो सुकटीचा वास. पावसाळ्यात मासेमारी बंद, त्यामुळे भाऊच्या धक्क्याच्या बाजूला या दिवसांत राज्य सुक्या बोंबलाचं. त्यात ओलं गोणपाट, गंजकं लोखंड आणि ट्रकचं डिझेल. नाकाला रुमाल लावू नका, लोक हसतील. गर्दीबरोबर बाहेर पडा, कंटेनरच्या ट्रेलरला वाट द्या आणि माझगावच्या ताडवाडीतल्या चाळीचा रस्ता धरा.

दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या पण न वाळणाऱ्या कपड्यांखाली, सात-आठ माणसं कोंडाळं करून उभी आहेत. कोणी चक्कर येऊन पडलेलं नाही. शेजारच्या दादांनी रिलायन्सचा फोन आणलाय. ५०१ रुपये भरायचे, फोन घरी न्यायचा, बाकीचं दर महिन्याच्या बिलात. कंपनीने या योजनेचं नावच 'मान्सून हंगामा' ठेवलंय आणि पाऊस आपलं काम चोख करतोय. दादांनी फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळलाय. पिशवी धुतलेली आहे, तरी वास यायचा तो येतोच.

फोन ते कोणाच्या हातात देत नाहीत. स्वतःच बटण दाबतात आणि पडद्यावर 'आर वर्ल्ड' उघडतं. बातम्या, क्रिकेट, राशिभविष्य, रिंगटोन. आत शिरायचं, थांबायचं, आणखी आत शिरायचं, आणखी थांबायचं. इंटरनेट म्हणजे सायबर कॅफेत तासावर भाड्याने मिळणारी गोष्ट, अशी इथल्या सगळ्यांची पक्की समजूत. ती दादांच्या शर्टाच्या खिशातून निघावी हे पचायला जड जातंय. "माझी मेष बघा हो," मागून काकू म्हणतात. मेष येते, चार ओळी, इंग्रजीत. दादा त्या मराठीत सांगतात आणि पदरचं एक वाक्य घालतात, "शेजाऱ्यांकडून धनलाभ संभवतो." काकू लगेच, "मग काढा."

ज्यांच्याकडे असा फोन नाही त्यांच्यासाठी साध्या नोकियावर ८८८८ आहे. ठरलेला शब्द टाइप करून या नंबरला मेसेज धाडायचा, की स्कोअर उलट मेसेजने घरपोच. फक्त मेसेज येईपर्यंत एक विकेट पडलेली असते, आणि ती कोणाची हे कळायला पुन्हा पैसे.

इथे फार रेंगाळू नका. पुढे सहा वर्षं सरका.

मे २००९. डांबर चपलेला चिकटतंय, शर्ट पाठीला. नेसबिट रोडच्या बाजूला एका दाराएवढं मोबाईलचं दुकान आहे, त्याच्यासमोर उभे राहा. वरच्या पाटीकडे बघा. ऑरेंजच्या अर्धवट खरवडलेल्या स्टिकरवर हचचं, हचवर व्होडाफोनचं. कंपनी तीच, नावं तीन. काचेच्या काउंटरखाली कव्हरं, चार्जर, बीएल-५सी बॅटऱ्या. आतल्या कोपऱ्यात एक पोरगा भिंग लावून फोन उघडून बसलाय आणि त्याच्या सोल्डरिंग आयर्नमधून निघणारा धूर टेबलफॅन थेट तुमच्या तोंडावर मारतोय. मागून कोणीतरी तुमच्या खांद्यावरून हात घालून पन्नासची नोट पुढे करतो. बाजूला हरभऱ्याएवढ्या स्पीकरमधून अख्खी गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात गाणं चाललंय. तो चायना मोबाईल. दारूखान्यात जहाजं तोडणारी माणसं हे फोन घेतात, कारण हातोड्यांच्या आवाजात रिंग ऐकू आली पाहिजे.

बॅटऱ्यांचं मधेच सांगतो. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्ट २००७ मध्ये, नोकियाने जाहीर केलं की याच बीएल-५सीच्या ४.६ कोटी बॅटऱ्या चार्जिंग करताना तापू शकतात. झालं! जो तो फोनचं पाठचं झाकण उघडून बसला. बॅटरीवरचा २६ अक्षरांचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकला की तुमची त्यातली आहे का ते कळायचं. आयुष्यात कधी संगणकाला हात न लावलेली माणसं चिठ्ठीवर २६ अक्षरं उतरवून सायबर कॅफेच्या रांगेत उभी राहिली. सरकारच्या कुठल्या योजनेने एवढ्या लोकांना इंटरनेटपर्यंत नेलं नसेल.

तुमच्या हातात आता नोकिया ३११० क्लासिक आहे. मनीष मार्केटमधून, सेकंड हँड, डाव्या कोपऱ्यावर टवका उडालेला. पडदा १.८ इंचाचा. दुकानदाराला सांगा, "भाऊ, जीपीआरएस चालू करून द्या." म्हणजे फोनवरचं नेट.

तो मान वर न करता दोरीला बांधलेली वही सरकवतो. नंबर लिहा, कंपनी लिहा, किती रुपयांचा रिचार्ज मारायचा ते लिहा. मग तो तुमच्या फोनवरून एक मेसेज पाठवतो आणि बाजूला ठेवून देतो. "सेटिंग येईल. थांबा." तुम्ही थांबता. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरतो. फोन थरथरतो. पिन विचारतो. "एक दोन तीन चार," दुकानदार म्हणतो. हा सगळ्यांचा पिन आहे, लपवालपवी नाही. "आता बंद करून चालू करा." जगातल्या प्रत्येक आजारावर त्याच्याकडे हे एकच औषध आहे आणि कबूल करायला हवं, बहुतेक वेळा ते लागू पडतं.

पडद्याच्या कोपऱ्यात चौकटीतला 'जी' उमटला का? अभिनंदन. आता तुमच्या खिशातून पैसे गळायला लागले.

दर लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. दहा पैशाला दहा केबी. म्हणजे एमबीला साधारण दहा रुपये. तीनशे केबीचं पान उघडलंत तर तीन रुपये गेले, वाचा किंवा न वाचा. ९८ रुपयांत महिनाभर चालणारे पॅक आहेत, पण ९८ रुपये एकदम कोण काढतो? म्हणून इथे प्रत्येक पान उघडण्याआधी मनात हिशोब होतो. स्कोअर बघायचाय की कटिंग प्यायचाय? मला विचाराल तर या कंजुषीत मजा होती. जे उघडायचं ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, तळाची 'सर्व हक्क राखीव' ही ओळसुद्धा. पैसे भरलेत ना!

आणि शून्याच्या बटणापासून सावध. नोकियावर शून्य जरा जास्त वेळ दाबलं गेलं की ब्राउझर आपणहून सुरू होतो. होईलच तुमच्याकडून. बघा, झालंच! पडद्यावर 'कनेक्टिंग' आलं आणि तुमचा अंगठा लाल बटणावर तुटून पडला, एकदा, दोनदा, पाचदा. शेजारचे आजोबा तर सरळ बॅटरी काढतात. याहून वाईट म्हणजे नकळत चालू झालेल्या सेवा. सकाळी उठावं तर तीस रुपये गायब, आणि रोज एक 'लव्ह टिप' येणार असल्याचा मेसेज. कोणी चालू केली? कोणीच नाही. कस्टमर केअरला फोन लावा, नऊ दाबा, पुन्हा नऊ दाबा, गाणं ऐका. आजोबांना मात्र महिनाभर रोज एक टिप आली, आणि ती नातवाकडून मराठीत समजावून घेतल्याखेरीज त्यांनी त्याला खेळायला सोडलं नाही.

चला, चाळीत वर या. खोलीत रेंज नाही. पलंगावर पडून नेट वगैरे विसरा. गॅलरीच्या टोकाला, नळाच्या वरच्या कोपऱ्यात या, कठड्याला पोट टेकवा आणि उजवा हात जरा बाहेर काढा. हं, तिथेच. हलू नका. खाली पाण्यासाठी लावलेल्या हंड्यांची खणखण, डाव्या खोलीतून कुकरची शिट्टी, उजवीकडून बांगड्याच्या आमटीचा वास, आणि तुम्ही एका हाताने डास मारत, दुसऱ्या हाताने फोन गच्चीच्या दिशेने धरून उभे.

आता ओपेरा मिनी उघडा. लाल रंगाचं ओ. नॉर्वेतल्या एका कंपनीने बनवलेलं हे छोटं जावा ॲप माझगावच्या पोरांना देवासारखं भेटलंय. तुमचा फोन साइटशी थेट बोलतच नाही. मधे ओपेराचा सर्व्हर बसलाय. तो पान आणतो, दाबून-चेपून पार दशांशापर्यंत लहान करतो आणि मग तुमच्याकडे धाडतो. तीन रुपयांचं पान तीस पैशांत. खाली केबीचा आकडा टॅक्सीच्या मीटरसारखा पळताना दिसतो. चित्रं बंद ठेवा. चित्रं ही श्रीमंतांची कामं.

एखादी मराठी बातमी उघडा. पान आलं, आणि त्यात नुसते चौकोन. ओळीच्या ओळी, परिच्छेदच्या परिच्छेद, रिकामे चौकोन. फोनकडे देवनागरीचा फॉण्टच नाही. पैसे मात्र पूर्ण कापले.

घाबरू नका, यावर तोडगा आहे आणि तो या मजल्यावर फक्त कोपऱ्याच्या खोलीतल्या पोराला ठाऊक आहे. कॉलेजला जातो, मिशी फुटतेय. "दादा, इकडे द्या." तो पत्त्याच्या जागेतलं सगळं पुसतो आणि टाइप करायला लागतो: ओपेरा, अपूर्णविराम, कॉन्फिग. अंगठा बघा त्याचा. सहाचं बटण तीनदा, ओ. सात एकदा, पी. तीन दोनदा, सात तीनदा, दोन एकदा. मग अपूर्णविराम शोधण्यासाठी चिन्हांची जत्रा. मग 'कॉन'. इथे गंमत आहे, कारण ओ आणि एन दोन्ही सहावरच. ओ झाल्यावर थांबायचं, कर्सर पुढे सरकेपर्यंत श्वास धरायचा, आणि मगच एन. घाई केलीत तर ओचं दुसरंच काहीतरी होतं. पुढे आय आणि जी दोन्ही चारवर, पुन्हा थांबा. एक पान उघडतं, नुसत्या इंग्रजी सूचनांचं. तो खाली खाली जातो, पार तळाला. 'यूज बिटमॅप फॉण्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'. समोर 'नो' आहे. तो 'येस' करतो, सेव्ह करतो आणि तुमची बातमी पुन्हा मागवतो.

चौकोन गेले. मराठी आली. रफारासकट, जोडाक्षरांसकट, जराशी फिकट, पण आपली. सर्व्हर आता अक्षरं अक्षरं म्हणून न पाठवता त्यांची बारीक चित्रं करून पाठवतोय, त्यामुळे केबी थोडे जास्त जाणार. जाऊ देत. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, पण या गॅलरीत तो पोचला तो आत्ता, या 'येस'मुळे. पोराला काहीतरी खायला द्या.

पण वाचून होणार नाही तुमचं. अर्ध्यावर फोन वाजतो. आई. "येताना कोथिंबीर आण." कोपऱ्यातला 'जी' अडकून पडतो आणि पान जागच्या जागी थिजतं. या फोनला एका वेळी एकच जमतं, बोलणं किंवा नेट. तुम्ही "हो, हो, आणतो" म्हणून फोन ठेवता, तोवर जोडणी तुटलेली. पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी टेकडीवर चला. डॉकयार्ड रोड स्टेशनला लागून आहे, वर भंडारवाड्याचा जलाशय आणि त्याच्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा इथलेच, माथारपाखाडीचे. चढताना दम लागेल, पण वर आल्यावर वारा. समोर माझगाव डॉकच्या क्रेन, त्यांच्यापलीकडे खाडी आणि नांगर टाकलेल्या बोटी. बाकांवर आजी-आजोबा आहेत, कठड्याला मात्र तरुण मंडळी एका ओळीत, प्रत्येकाची मान त्याच कोनात वाकलेली. वर रेंज भरपूर, पाचच्या पाच दांड्या.

एकजण ऑर्कुटवर स्क्रॅप टाकतोय. रोमन लिपीतली मराठी, स्वर गाळलेली. जेवलास का हे विचारायला त्याला सगळी मिळून सहा अक्षरं लागतात. त्याच्या पलीकडे एक मुलगी निंबझ चॅटवर आहे. तिचा भाऊ जहाजावर. माझगावात अशी घरं बरीच, ज्यांचं एक माणूस कायम पाण्यावर असतं. जहाज बंदराला लागलं, भावाने तिथलं कार्ड घेतलं, की त्याच्या नावापुढचा ठिपका हिरवा होतो. म्हणून ती रोज येते. आज ठिपका राखाडीच आहे. ती फोन बंद करीत नाही, पडदा विझला की बटण दाबून पुन्हा पेटवते. तुम्ही उगाच डोकावू नका.

खाली येईपर्यंत महिने सरतात. नोव्हेंबरचा शेवट, आणि दुकानासमोर चायना मोबाईलवाल्यांची झुंबड. ३० नोव्हेंबरच्या रात्रीनंतर आयएमईआय नंबर नसलेले फोन बंद पडणार. स्टार, हॅश, शून्य सहा, हॅश दाबलं की १५ आकडी नंबर यायला हवा. अनेकांच्या पडद्यावर १५ शून्यं येतात. एक पोर्टर शून्यांकडे बघून म्हणतो, "नंबर तर आलाय की."

मग ३१ डिसेंबर. ही रात्र माझगावात काढायलाच हवी. बाराला पाच कमी असताना गच्चीवर या. थंडी मुंबईची, म्हणजे स्वेटर घालायची हौस भागेल एवढीच. केकचा आणि फटाक्यांच्या दारूचा वास. सगळ्यांनी मेसेज आधीच लिहून ठेवलेत. आज मेसेजचा पॅक चालत नाही. सणासुदीला आणि नववर्षाला कंपन्यांचा 'ब्लॅकआउट डे' असतो, मेसेज पूर्ण दराने. तरीही पाठवायचा तो बाराच्या ठोक्यालाच. बारा वाजतात आणि बंदरातल्या बोटी एकदम भोंगे सुरू करतात. एक, मग दुसरी, मग सगळ्या, लांबलचक, जाडाभरडा आवाज. तो कानात येत नाही, छातीत येतो. गच्चीची टाकी थरथरते. तुम्ही 'सेंड' दाबता. 'मेसेज सेंडिंग फेल्ड.' पुन्हा दाबता. फेल्ड. शेजारचाही तेच करतोय, त्याच्या शेजारचाही. अख्ख्या मुंबईने एकाच मिनिटाला एकाच टॉवरचं दार ठोठावलंय. शेवटी लोक फोन खिशात घालून एकमेकांचे हात हातात घेतात. मेसेज दुपारी दोनला पोचतो, तोही तीनदा.

अजून एक थांबा, २०१०. ब्लूटूथ चालू ठेवा, कारण या साली गाडीत एक वस्तू फिरते आहे. कॉटन ग्रीनला चढलेला कोणीतरी तुमच्या शेजारच्याला म्हणतो, "एम-इंडिकेटर आहे का? घे, पाठवतो." सचिन टेके नावाच्या तरुणाने बनवलेलं ॲप. लोकलचं सगळं वेळापत्रक फोनमध्ये, आणि नेट लागतच नाही, दहा पैसेही नाहीत. खरं सांगायचं तर मोबाईलवरच्या सगळ्या सेवांत मुंबईकराला कळलेली पहिली सेवा हीच. बाकीच्या कंपन्या त्याला वॉलपेपर आणि लव्ह टिप विकत होत्या. त्याला हवं होतं ते पुढची पनवेल किती वाजता, एवढंच. फाईल दोन फोन एकमेकांना चिकटवून जाते. शिवडीहून आलेला फोन रे रोडला उतरणाऱ्याला देतो, तो घरच्या तिघांना.

आणि आता गणपती. ऑगस्ट संपत आलाय, ढोलांचा सराव कानात बसलाय, गल्लीत मांडवाच्या बांबूंचा ओला वास. तुमच्याकडे चालू जीपीआरएस आहे ही बातमी चाळभर पसरलेली. त्यामुळे गॅलरीच्या कोपऱ्यात तुम्ही एकटे नाही. काकू तिकिटाची घडी उलगडतात. कोकणकन्या, कणकवली, चार माणसं. नव्वद दिवस आधी, सकाळी आठला, खिडकी उघडताक्षणी काढलेलं तिकीट, तरी वेटिंग. "बघ रे, किती झालं?" त्यांच्यामागे तळमजल्याचे भाऊ, कुडाळ. त्यांच्यामागे एक मावशी, नुसतं बघायला.

१३९ला मेसेज करता येतो, पण त्याचे पैसे कापतात, आणि तुमचं नेट म्हणजे फुकट, असा चाळीचा ठाम समज आहे. दहा आकडी पीएनआर काकू वाचून दाखवतात, तुम्ही दाबता. केबीचा आकडा पळतो. चार, नऊ, पंधरा. सगळ्यांच्या माना पावणेदोन इंचांवर. काकूंच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास येतोय, एवढ्या त्या जवळ आहेत. वरची पट्टी उमटली. गाडीचं नाव उमटलं. तारीख. पहिला प्रवासी, पुढे—

फोन वाजतो. 'जी' गेला.

"कोणाचा?" काकू विचारतात.

एकच रिंग वाजून थांबते. मिस कॉल. तळमजल्याच्या भाऊंनी खिशातून हात बाहेर काढला. "माझाच. माझा नंबर सेव्ह करून ठेव म्हणजे कोकणकन्येचं बघून झालं की लगेच..."

काकू त्यांच्याकडे वळल्या. पुढचं तुम्ही ऐकू नका. बॅलन्स बघा. दोन रुपये चाळीस पैसे, आणि रांगेत अजून कुडाळ.